तनूचा दात आणि आमच्या घरातलं खोटं

मागच्या महिन्यात दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बाई बसली होती. मांडीवर सात-आठ वर्षांची मुलगी, तिचा वरचा ओठ सुजलेला. बाईनं मला हळूच विचारलं, "दीदी, इतने छोटे बच्चों का भी रूट कैनाल होता है क्या?" मी हो म्हटलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला तिच्याशी पुष्कळ बोलायचं होतं, पण तेवढ्यात आमचा नंबर आला. आम्ही बाहेर पडलो तेव्हा ती आत गेलेली होती.

तिला सांगायचं राहिलं ते इथं लिहिते. दातांचं शास्त्र मला कळत नाही. डॉक्टर मॅडमनी समजावलं आणि माझ्या डोक्यात शिरलं, तेवढंच मला ठाऊक. बाकीचं आमच्या घरातलं आहे. ते वगळून लिहायचा मी दोनदा प्रयत्न केला. जमला नाही.

पेरू

आम्ही छत्तीसगढमध्ये, नंदिनी नगरला खाणीच्या क्वार्टरमध्ये राहतो. माझे मिस्टर चुनखडीच्या खाणीत क्रशरवर आहेत. मी घरी पहिली ते पाचवीच्या मुलांची ट्यूशन घेते. सासूबाई आमच्याजवळच असतात, त्यांना मी आत्याबाई म्हणते. आणि आमची तन्वी, म्हणजे तनू. हे सगळं झालं तेव्हा ती साडेआठ वर्षांची होती.

त्या हिवाळ्यात माझ्या आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, म्हणून मी बारा दिवस गोंदियाला होते. परत आले तर तनूच्या वरच्या समोरच्या दाताचा कोपरा उडालेला दिसला. फार नाही, तांदळाच्या कणीएवढा. मी तिची हनुवटी धरून विचारलं, "हे काय झालं?"

ती बोलायच्या आत तिचे बाबा मागून म्हणाले, "शाळेत नळ लागला तोंडावर. पानी पेता पेता कोनं धक्का देला."

"हो काय तनू?"

"हो," ती म्हणाली. ती माझ्या बॅगेकडे पाहत होती. मला वाटलं, आजीनं दिलेला खाऊ शोधते आहे.

आत्याबाई म्हणाल्या, "लेकराचं असंच असते बाप्पा. लग्नाआधी भरून घेऊ."

विषय संपला. मी आईच्या पथ्याचं सांगत बसले.

पुढच्या तीन-चार महिन्यांत तनूचं खाणं बदललं. पेरू ती दातांनी तोडून खायची, आता चिरून मागू लागली. पोळीचा घास गालात सरकवून चावायची. थंड पाणी पिताना डोळे मिटायची. हे सगळं मी पाहत होते. पाहून तिला रागावत होते. "नखरे वाढले तुझे, माझ्याकडे वीस लेकरं येतात, कोणी असं करत नाही." ती म्हणायची, "मले असंच अच्छा लगता है, मम्मी." आमच्याकडची लेकरं अशीच बोलतात, अर्धं घरचं, अर्धं शाळेचं.

तिला दुखत होतं आणि ती ते लपवत होती, हे माझ्या मनातही आलं नाही. आठ वर्षांचं मूल इतकं लपवू शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

मीटर

होळीनंतर एका सकाळी तिचा ओठ नाकापर्यंत सुजलेला होता. हिरडीवर, त्या दाताच्या बरोबर वर, पिवळसर पुटकुळी. आम्ही तिघं गाडीवर बसून भिलाईला गेलो. तिथे फक्त मुलांचे दात बघणाऱ्या एक डॉक्टर मॅडम आहेत, असं शेजारणीनं सांगितलं होतं.

मॅडमनी दाताचा एक्स-रे फोटो काढला, तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "चोट कब लगी थी?"

मी सांगितलं. हिवाळ्यात, शाळेत, नळाचा मार.

"नल से?" त्यांनी तनूचा ओठ उलटून आतला जुना व्रण पाहिला. शेजारचा दात बोटानं हलवून पाहिला. "नल से इतना नहीं लगता. बेटा, तुम बताओ. कहाँ लगी थी?"

तनूनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं बाबांकडे पाहिलं. ती परवानगी मागत होती. ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. मॅडम थांबल्या. मीही थांबले. त्या चार-पाच क्षणांत मला अर्धं समजलं होतं.

"गाडी के मीटर पे लगी थी," तनू म्हणाली. "बाबाने ब्रेक मारा था."

मी गोंदियाला असताना ती माझ्यासाठी रडत होती, म्हणून बाबांनी तिला फिरवायला नेलं होतं. पुढे, पेट्रोलच्या टाकीवर बसवून. तिला पुढे बसवायचं नाही, हे आमच्यात कितीदा ठरलं होतं. त्यांनी माझ्या गळ्याची शपथ घेतली होती. अहिवाऱ्याच्या रस्त्यावर समोरून डंपर आला, यांनी ब्रेक मारला आणि तनूचं तोंड मीटरवर आदळलं. रक्त आलं, दात हलला. घरी आणून आत्याबाईंनी हळद दाबली. रक्त थांबलं, आठ दिवसांत दातही घट्ट झाला. मी येईस्तोवर सगळं आवरून ठेवलेलं होतं. नळाची गोष्टसुद्धा.

मॅडमनी ओरडाआरडा केला नाही. त्या म्हणाल्या की तेव्हाच आणलं असतं तर निदान नजर ठेवता आली असती. आता दातातली नस मेली आहे आणि आत पू आहे.

ज्यांच्या घरी लेकराचा दात आपटला असेल त्यांना हात जोडून सांगते. तुटला नसला, हलला नसला, तरी त्याच दिवशी दाखवा. दात आतल्या आत मरतो, वरून पांढराच दिसतो.

झाडाखाली

दवाखान्याबाहेर उसाच्या रसाची गाडी होती. तनूला रस घेऊन दिला आणि मी झाडाखाली उभं राहून यांना विचारलं, "मले कावून नाही सांगतलं?"

"तुले कायले सांगू? तुह्या मायचं ऑपरेशन होतं. तू धावत आली असती."

"बरं. मी आल्यावर?"

"आल्यावर काय सांगाचं होतं? बंद झालं होतं तिचं दुखनं."

"तिनं सांगतलं तुमाले, बंद झालं म्हणून?"

"काही म्हनत नव्हती ना ते."

"तुम्हीच तर सांगतलं होतं, म्हणू नको!"

रसवाला आमच्याकडे पाहायला लागला. यांनी रुमालानं मान पुसली. तनू ग्लास हातात धरून उभी होती, रस तसाच होता. ती म्हणाली, "मम्मी, बाबा को मत डाँटो. मैंने प्रॉमिस किया था."

माझ्या नवऱ्यानं मला फसवलं, हे मी त्या वेळी गिळलं असतं. नवरे लहानसहान गोष्टी लपवतात, आपणही लपवतो. पण त्यांनी ते लेकराच्या तोंडात ठेवलं होतं. चार महिने ती शाळेतून येऊन माझ्या कुशीत शिरायची, मी तिचे केस विंचरायची, ती मला दिवसभराचं सगळं सांगायची आणि तेवढी एक गोष्ट गिळायची. मी विचारलं की "एका बाजूनं कावून चावतेस?" तर हसायची. तिचं ते हसणं मला आठवत राहिलं.

घरी आल्यावर आत्याबाईंना विचारलं. त्यांनी लपवाछपवी केली नाही. भाजी निवडत म्हणाल्या, "घरातल्या मानसाची चुकी झाकाव लागते बाई. तू आली का भांडन करशीन. घरात शांती राहावं म्हून मीच म्हटलं, राहू द्या."

म्हणजे घरात चार माणसं आणि तिघांना माहीत. तेरा वर्षं मी या घरात आहे.

कच्चं मूळ

मॅडमनी जे समजावलं ते असं. मोठ्या माणसाच्या दाताचं मूळ टोकाशी बंद झालेलं असतं. त्यात सुई घालून खरवडतात, भरतात, झालं रूट कॅनाल. तनूचा दात कायमचा होता, पण नवा. मूळ अर्धवट वाढलेलं. भिंती पातळ आणि टोकाचं तोंड उघडं. तिथे खरवडलं तर भिंतच तडकायची. भरलं तर भरलेलं टोकातून बाहेर जायचं. दात काढावा तर या वयात दुसरा बसवता येत नाही, जबडा वाढतो आहे.

म्हणून त्यांनी दुसरा रस्ता सांगितला. दात आतून नुसता धुवायचा, औषध ठेवून जंतू मारायचे आणि मग मुळाच्या टोकाशी असलेल्या जिवंत पेशींना आत येऊ द्यायचं. त्या आल्या तर मूळ स्वतःच वाढतं. "पर गारंटी नहीं है," हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हा मला ते कडू वाटलं. त्या दिवशी माझ्याशी पूर्ण खरं बोललेलं तेच एक वाक्य होतं, हे नंतर कळलं.

सगळी कसरत धुण्यात होती. धुण्याचं औषध कडक असेल तर जंतूंबरोबर त्या पेशीही मरतात. नरम असेल तर जंतू राहतात. मी विचारलं, "कौनसी दवा?" मॅडम म्हणाल्या, घरात कपड्यांचे डाग काढायला आपण वापरतो त्याच जातीची, पण पुष्कळ पातळ केलेली आणि दवाखान्यासाठी बनवलेली. मला धडकी भरली. माझ्या लेकीच्या दातात ब्लीच! त्यांनी सुई दाखवली. टोक बंद, भोक बाजूला, म्हणजे धार सरळ टोकाकडे जात नाही. "मैं धीरे-धीरे करूँगी. जल्दी की तो नुकसान है."

त्याच आठवड्यात पहिली खेप झाली. सुई टोचून भाग बधिर केला. निळं रबर ताणून बसवलं, त्यातून तेवढा एक दात बाहेर. तनूचा चेहरा रबराखाली झाकला गेला, फक्त डोळे दिसत होते. मग पाण्याच्या टाकीत क्लोरीन टाकल्यावर येतो तसा वास सुटला. थेंब थेंब औषध आत, नळीनं बाहेर. मग मिठाचं पाणी. मॅडमनी एकदाही हात घाईनं हलवला नाही. मी पायाशी बसून तनूचे तळवे धरले होते.

तिथे मदतीला एक पन्नाशीची बाई होती, छत्तीसगढी, सगळे तिला दाई म्हणायचे. तनूचे डोळे भरून आले तशी ती वाकून म्हणाली, "झन डर नोनी. चिटिक पिराही, फेर मँय हाथ धरे रहिहौं." घाबरू नको पोरी, जरासं दुखेल, पण मी हात धरून राहीन. आम्ही घरचे सगळे "काही होत नाही, काही होत नाही" करत होतो. दुखेल, असं सांगणारी ती एकटीच. तनूनं तिचा हात सोडला नाही.

शेवटी आत पांढरं औषध ठेवलं, वरून बंद केलं आणि तीन आठवड्यांनी बोलावलं.

सही

ते तीन आठवडे मी यांच्याशी कामापुरतं बोलत होते. डबा भरला आहे, सिलिंडर संपलं आहे, एवढंच. ते सकाळी तनूच्या वेण्या घालायला शिकले. कधी केलं नव्हतं ते करत होते, आणि मी त्यांना दाद देत नव्हते. ट्यूशनमध्ये एका मुलानं गृहपाठाबद्दल थाप मारली तर मी त्याच्यावर इतकी ओरडले की त्याची आई घरी आली. राग त्याचा नव्हता.

दुसऱ्या खेपेला सूज उतरली होती पण हिरडीवरची पुटकुळी ओलीच होती. मॅडमनी पुन्हा धुतलं. मी पहिल्या खेपेसारखीच तनूच्या पायाशी. मध्येच मॅडमनी यांना टेबलाकडे बोलावलं, काही समजावलं, यांनी मान हलवली, कागदावर सही केली आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"काय म्हणत होत्या?"

"काही नाही. दवाई बदलून राहिले. पहिलीनं पूर्न साफ नाही झालं म्हने."

मी म्हटलं, ठीक. परत विश्वास ठेवला. मूर्ख होते म्हणा.

पंधरा दिवसांनी नात्यातल्या एका मुलीच्या हळदीला जायचं होतं. तनू आरशासमोर ओठ वर करून उभी होती. म्हणाली, "मम्मी, मेरा दाँत सीमेंट जैसा हो गया."

मी जवळ गेले. समोरचा दात राखाडी झाला होता, थोडा निळसर. शेजारचा मोत्यासारखा, म्हणून तो जास्तच दिसत होता. हळदीत ती ओठ मिटून बसली. फोटो काढणारा "स्माइल, बेटा" म्हणत राहिला आणि ती नुसती मान डोलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच बस पकडून भिलाईला गेले. रिसेप्शनवर थांबले नाही. मॅडमना म्हटलं, "आपने मेरी बेटी के दाँत का क्या कर दिया?" जोरात म्हटलं. बाहेर बसलेले सगळे ऐकत होते.

मॅडमनी मला बसवलं. फाइल काढली, कागद माझ्यासमोर ठेवला. त्यावर लिहिलं होतं की पांढऱ्या औषधानं जंतू गेले नाहीत, आता तीन अँटिबायोटिकची पेस्ट ठेवायची आहे, ती जास्त जोरदार आहे, पण तिच्यानं दाताचा रंग काळवंडू शकतो. खाली सही. वळणदार, ओळखीची. आमच्या लग्नाच्या सर्टिफिकेटवर आहे तीच.

"मैंने पापा को दो बार समझाया था," त्या म्हणाल्या. "मैंने कहा था, मम्मी से भी पूछ लीजिए. वो बोले, ज़रूरत नहीं, वो टेंशन लेती है."

मी मोबाईल काढून त्या कागदाचा फोटो घेतला. त्यांनी पाणी दिलं आणि विचारलं, "आपसे पूछते तो आप मना करतीं?"

खरं सांगते, मी नाही म्हटलं नसतं. दात वाचवायचा होता, रंगाचं काय. मीही सही केली असती. पण तनूला आधी सांगितलं असतं की बेटा, असं होऊ शकतं, मोठी झालीस की उजळवता येईल. ती आरशात एकटी सापडली नसती.

संध्याकाळी ते खाणीतून आले. मी चहासुद्धा दिला नाही. कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो समोर धरला.

त्यांनी तो पाहिला, जोडे काढले. "तू घाबरली असती."

"मी आई आहे तिची! मले घाबराचा हक्क नाही काय?"

"तुह्या भल्यासाठीच..."

"माह्या भल्याचं तुम्ही एकटेच ठरवता. मले विचारत नाही. माह्या लेकीच्या तोंडाचंही तुम्हीच ठरवलं."

ते जोडे कोपऱ्यात ठेवायला वळले. आत्याबाई आत निघून गेल्या. मी एवढं बोलून गोंदियाला निघून जाणार होते. बॅग काढलीही. मग आठवलं, पुढच्या आठवड्यात तनूची तिसरी खेप आहे. बॅग परत ठेवली.

माझी पाळी

आता जे लिहिते ते लिहायला जड जातं.

तिसरी खेप महत्त्वाची होती. पेस्ट काढायची, पुन्हा धुवायचं, आणि मग बारीक सुईनं मुळाच्या टोकाला मुद्दाम टोचून रक्त आणायचं. ते रक्त दातात गोठलं की त्यातून पुढची वाढ होते. त्यासाठी हिरडीत इंजेक्शन लागणारच होतं. मॅडमनी हे मला फोनवर नीट सांगितलं होतं. सहीचं ते झाल्यापासून त्या मलाच फोन करायच्या.

निघताना तनूनं विचारलं, "आज सुई है क्या?"

बस चुकेल असं वाटत होतं. ती रडली असती, पलंगाखाली शिरली असती. मी म्हटलं, "नाही ग. आज फक्त धुणं."

खुर्चीत बसल्यावर तिनं ट्रेमधली सुई पाहिली. ती रडली नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "तू भी बाबा जैसी है."

दवाखान्यात मॅडम होत्या, दाई होती, माझा नवरा दाराशी उभा होता. सगळ्यांनी ऐकलं. माझ्या लेकीच्या डोळ्यांत जे होतं, तेच मी दीड महिना नवऱ्याकडे बघताना बाळगलं होतं. मला वाटायचं, या घरात फसवली गेलेली मी एकटी आहे. खरं तर सगळ्यांत जास्त तीच फसली होती. आणि शेवटची फसवणूक माझी होती.

मी म्हटलं, "मी खोटं बोलले, तनू. सुई आहे. दुखेल. नंतर आतून थोडं रक्त काढतील, तेव्हाही टोचल्यासारखं वाटेल. तुला आज नको असेल तर आपण परत जाऊ." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, पण मला अडवलं नाही.

तनूनं दिव्याकडे पाहिलं. मग तिनं दाईचा हात शोधला. माझा नाही. आणि तोंड उघडलं.

रक्त आलं. मॅडमनी आनंदानं "आ गया, आ गया" म्हटलं. रक्त बघून खूश होणारी माणसं मी पहिल्यांदाच पाहिली. वरून पांढरं सिमेंटसारखं काही भरलं, दात बंद केला. परतीच्या बसमध्ये तनू खिडकीशी बसली आणि तिच्या-माझ्यामध्ये तिनं दप्तर ठेवलं.

वाट पाहणं

मग नुसतं थांबायचं होतं. सहा महिने, मग आणखी सहा. या काळात करण्यासारखं काही नसतं आणि तेच सगळ्यांत अवघड असतं. रोज मी तिची हिरडी बघायची. पुटकुळी तीन आठवड्यांत गेली. शाळेत एका मुलीनं तिला "काला दाँत" म्हटलं. तिनं घरी येऊन मला सांगितलं. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं, कारण तिनं सांगितलं.

तिचं मन हळूहळू परतलं. मी एकच केलं, तिला परत कधी "काही होत नाही" म्हटलं नाही. तपासणीला जाताना आदल्या दिवशी मॅडमना फोन करून विचारायची, काय काय करणार, आणि तिला तसंच्या तसं सांगायची. कधी ती रडायची. रडून झालं की तयार व्हायची.

यांच्याशी मी बोलायला लागले, कारण एका घरात न बोलता किती दिवस काढणार? पण काहीही सांगितलं की मी मनात ते तपासून घ्यायची. ड्यूटी बदलली म्हणाले, खरंच बदलली का? हे वाईट आहे, मला माहीत आहे. विश्वास गेला की माणूस घरातल्या घरात चौकीदार होतो. आईनं फोनवर म्हटलं, "पोरगी बरी होऊन राहिली न? मंग दे सोडून." मी म्हटलं, "आई, त्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत."

एका वर्षानं

मागच्या महिन्यात, ती बाई भेटली त्याच दिवशी, वर्षाचा फोटो होता. मॅडमनी जुना आणि नवा शेजारी शेजारी लावले. मलासुद्धा दिसलं. जुन्यात मूळ आखूड, टोकाशी उघडं. नव्यात भिंती जाड झालेल्या, टोक जवळजवळ मिटलेलं. मॅडम म्हणाल्या, "जड़ बढ़ गई." अजून वर्षभर बघावं लागेल, रंगाचं नंतर करू, आतून उजळवून पाहू. तनूनं विचारलं, "दुखेगा?" "थोड़ा भी नहीं, ये वाला सच में नहीं," मॅडम हसल्या. तनूनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं आहे, मी विचारलं आहे." तेव्हा तिनं मान डोलावली.

येताना गाडीवर ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती. अहिवाऱ्याच्या अलीकडे, त्या वळणावर, यांनी गाडी बाजूला घेतली. मला वाटलं फोन आला. ते उतरले, हेल्मेट काढलं आणि तनूसमोर उभे राहिले.

"तनू, माही चुकी होती. तुले पुढं बसवलं, अन् वरून तुलेच चूप राहा म्हटलं. असं नव्हतं करायला पाहिजे."

तनू म्हणाली, "मुझे पता है." मग म्हणाली, "मम्मीले बोला क्या?"

"तुह्या मम्मीले समजते."

"नहीं समजत, बाबा. बोलना पड़ता है."

एक डंपर धूळ उडवत गेला. यांनी डोळे चोळले, धुळीनं असेल. माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे, मग परत माझ्याकडे.

"चुकलं माह्यं," ते म्हणाले. "दोन्ही बखत."

तेरा-चौदा वर्षांत अशा प्रत्येक वेळी मी "जाऊ द्या" म्हणत आले आहे. शब्द जिभेवर आलाही होता. तनू माझ्याकडे पाहत होती.

"हो," मी म्हटलं. "चुकलं."

त्यांनी मान हलवली आणि हेल्मेट घातलं. आम्ही घरी आलो.